उसाचा फड आणि तोडकऱ्याचे आरोग्य

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर हे मोठे गाव आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा मुलूख. येथे पाऊस बेताचाच पडतो आणि डोंगरउताराची जमीन हलकी व खडकाळ असते. खरिपाचे पीक निघाले की पुष्कळांच्या हाताला काम उरत नाही. म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास या भागातील वाड्या-वस्त्यांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी भरू लागतात. भांडीकुंडी, धान्याची पोती, गोधड्या आणि लहान मुले यांच्यासह कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिमेची वाट धरतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे जाते, कोणी पुणे-साताऱ्याकडे, तर कोणी राज्याची सीमा ओलांडून कर्नाटकात. साखर कारखान्यांसाठी ऊस तोडावयाचा आणि पाच-सहा महिन्यांनी, कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे, गावी परतावयाचे, असा त्यांचा वर्षाचा क्रम असतो.

निघण्यापूर्वीच मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतलेली असते. तिला उचल म्हणतात. उचल घेणाऱ्या पतिपत्नीच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणण्याची रीत आहे. एकटाच मजूर असेल तर तो ‘अर्धा कोयता’. माणसांची गणती हत्याराच्या नावाने व्हावी, हे चमत्कारिक खरे. पण त्या नावातच पुढील साऱ्या गोष्टीचे मूळ आहे. उचल तोडलेल्या उसाच्या वजनावर फिटते. एक दिवस काम बुडाले तर त्यास खाडा म्हणतात, आणि खाड्याबद्दल पुष्कळदा दंडही भरावा लागतो. त्यामुळे ताप आला तरी माणूस फडात जातोच.

फडातील काम पहाटेच्या काळोखात सुरू होते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, म्हणून तोडकरी तासन्‌तास कमरेत वाकलेला असतो. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. ती हातापायांवर ओरखडे काढते. पाचटात साप दडलेले असतात. मग तोडलेल्या उसाची तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन, अरुंद फळीवरून तोल सांभाळीत मालमोटारीत चढावयाचे. ही चढउतार बहुधा स्त्रियांच्या वाट्याला येते, आणि मान, कंबर व गुडघे यांची दुखणी तेथूनच जडतात.

कामामुळे आजार होतो, ही गोष्ट वैद्यकाने फार पूर्वीच ओळखली होती. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला इतर प्रश्न विचारताना ‘तू कोणता धंदा करतोस?’ हेही वैद्याने विचारावे, असा त्याचा आग्रह होता. साध्या दिसणाऱ्या या प्रश्नाने किती आजारांचे कारण उलगडते, हे उसाच्याच उदाहरणावरून दिसते. कारखान्यात साठविलेल्या चिपाडांना बुरशी धरली आणि त्यांची धूळ श्वासावाटे आत गेली, तर फुप्फुसांना सूज येते. धंदा न विचारणारा वैद्य त्या खोकल्याला साधा खोकलाच समजेल.

फडातील उन्हाचीही अशीच गोष्ट आहे. घाम येतो तो शरीर थंड राखण्यासाठी. परंतु घामावाटे पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून निघाले नाहीत तर मूत्रपिंडांवर ताण पडतो, आणि हा ताण दररोज पडत राहिला तर इजा कायमची होऊ शकते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा व एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या पुष्कळ तरुण मजुरांची मूत्रपिंडे निकामी झाली. तेव्हा तेथील काही मळ्यांत पिण्याचे पाणी, ठरावीक वेळाने विसावा आणि बसावयास सावली, या तीन गोष्टी पुरविण्यास आरंभ झाला. त्यांत महागडे औषध एकही नाही.

स्त्रियांचे हाल याहून अधिक आहेत. तोडकऱ्यांच्या खोपींजवळ अनेकदा शौचालय नसते आणि स्वच्छ पाणीही नसते. मासिक पाळीत विश्रांती मिळत नाही, बाळंतपणानंतरही फारशी नाही. यातून जंतुसंसर्ग होतो व पोटदुखी जडते. वारंवार खाडा परवडत नाही, म्हणून कित्येक स्त्रियांनी तरुण वयातच गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. हा प्रश्न 2019 साली विधिमंडळात आला आणि शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे सहांमध्ये सुमारे एक. ज्या दुखण्यावर पुष्कळदा औषधोपचार पुरला असता, त्यासाठी शरीराचा एक अवयव गेला. अशा शस्त्रक्रियेनंतर काहींना हाडे ठिसूळ होण्यासारखे त्रासही सोसावे लागतात.

समितीच्या अहवालानंतर काही उपाय पुढे आले. हंगामास निघण्यापूर्वी व परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, प्रत्येकीजवळ आरोग्य कार्ड असावे, असे ठरले. कामगारांच्या कल्याणासाठी लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले. गाळलेल्या उसाच्या दर टनामागे कारखान्यांनी 10 रुपये द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, अशी त्याच्या निधीची योजना आहे. मुले गावीच राहून शिकावीत म्हणून संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहेही योजण्यात आली.

यांपैकी आरोग्य कार्ड दिसावयास लहान, पण उपयोग मोठा. नेकनूरच्या परिसरातील स्त्री नोव्हेंबरात सांगलीच्या एखाद्या फडात आजारी पडली, तर तेथील डॉक्टरला तिची काहीच माहिती नसते. रक्त कमी आहे काय, पूर्वी कोणता उपचार झाला, हे कार्डावरून त्याला कळू शकते. मात्र त्यासाठी तिला दवाखान्यापर्यंत जाता आले पाहिजे. तो एक दिवस आजही पुष्कळ ठिकाणी खाडा म्हणूनच मांडला जातो.