डॉक्टर कॉडमन यांची नोंदवही

हाड म्हणजे शरीराला आधार देणारा एक निर्जीव खांब, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नव्हे. हाड जिवंत असते. ते वाढते, झिजते आणि मोडले तर पुन्हा सांधले जाते. परंतु जेथे वाढ आहे, तेथे वाढीचा तोल बिघडण्याचे भयही असते. हाडातील पेशी बेबंदपणे वाढू लागल्या, म्हणजे हाडाचा कर्करोग होतो. त्याचा 'ऑस्टिओसार्कोमा' नावाचा एक उग्र प्रकार आहे. उंची भराभर वाढण्याच्या वयात, म्हणजे सुमारे दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत, तो अधिक आढळतो आणि बहुधा गुडघ्याजवळ उद्भवतो.

सुदैवाने हा रोग फार विरळ आहे. तथापि, या विरळपणातच वैद्यांची एक मोठी अडचण दडलेली होती. जो रोग एखाद्या शस्त्रवैद्याला साऱ्या आयुष्यात मोजक्याच वेळा पाहावयास मिळतो, त्याविषयीचे ज्ञान त्याने मिळवावे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अमेरिकेतील बोस्टन शहरच्या एका शस्त्रवैद्याने आपले उत्तरायुष्य खर्ची घातले. त्यांचे नाव अर्नेस्ट एमरी कॉडमन.

कॉडमन यांचा जन्म ३० डिसेंबर १८६९ रोजी बोस्टन येथे झाला. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. त्या काळी शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास ईथर हुंगवून बेशुद्ध करीत आणि हे काम पुष्कळदा विद्यार्थ्यांकडे सोपवीत. त्यात रोगी दगावण्याचा धोका असे. तेव्हा कॉडमन आणि त्यांचे सहाध्यायी हार्वे कुशिंग या दोघांनी शस्त्रक्रिया चालू असताना रोग्याची नाडी व श्वास यांची नोंद तक्त्यावर ठेवण्यास सुरुवात केली. हे कुशिंग पुढे मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी जगप्रसिद्ध झाले. जे घडले ते तत्काळ लिहून ठेवावयाचे, ही सवय कॉडमन यांना विद्यार्थिदशेतच जडली, ती जन्मभर सुटली नाही.

१८९५ च्या अखेरीस राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. लवकरच कॉडमन त्यांच्या अभ्यासात गढून गेले. क्ष-किरणांनी कातडी भाजल्याच्या तक्रारी ठिकठिकाणांहून येत होत्या. १९०२ साली त्यांनी तोवर नोंदल्या गेलेल्या अशा सर्व अपघातांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध केला. विखुरलेल्या घटना एके ठिकाणी मांडल्या, की त्यांतून कारण दिसू लागते, हा धडा त्यांना येथे मिळाला.

पुढे मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात शस्त्रवैद्य म्हणून काम करीत असताना एक गोष्ट त्यांच्या मनास खटकू लागली. रोग्यावर शस्त्रक्रिया होई, जखम भरून येई, तो घरी जाई आणि तेथेच वैद्याचा व त्याचा संबंध संपे. वर्षभराने तो खरोखर बरा झाला की नाही, हे कोणी विचारीत नसे. कॉडमन यांनी प्रत्येक रोग्याचे एक कार्ड ठेवण्याची पद्धत सुचविली. त्याची लक्षणे, वैद्याने केलेले निदान, उपचार आणि त्यानंतर उद्भवलेले विकार हे सर्व त्यावर लिहावयाचे. एक वर्षानंतर रोग्याची पुन्हा तपासणी करून अंतिम परिणामही नोंदवावयाचा. आणि परिणाम चांगला नसेल, तर त्याचे कारणही शोधावयाचे. चूक वैद्याची होती, साधनांची होती, की रोगच असाध्य होता?

हा शेवटचा प्रश्न अनेकांना रुचला नाही. त्या रुग्णालयात बढती सेवाज्येष्ठतेनुसार मिळे. ती कामाच्या परिणामावरून मिळावी, असे कॉडमन यांचे म्हणणे होते. १९१४ साली त्यांनी आपल्या पदाचा राजीनामा दिला. १९१५ च्या जानेवारीत वैद्यांच्या एका सभेत त्यांनी एक मोठे व्यंगचित्र उघड केले. वाळूत डोके खुपसून बसलेला एक शहामृग वैद्यांच्या दिशेने सोन्याची अंडी उडवीत आहे, असे ते चित्र होते. शहरातील धनिक लोक डोळे मिटून पैसे देतात आणि वैद्य उपचाराचा परिणाम न तपासता ते घेतात, असा त्याचा अर्थ. सभेत मोठा क्षोभ उसळला. कॉडमन यांना स्थानिक वैद्यकसंस्थेतील पद सोडावे लागले आणि हार्वर्डमधील अध्यापनाची जागाही गेली. त्यांची वाणी तिखट होती आणि त्यामुळे मित्रही दुरावले, हे खरे. परंतु जी कसोटी त्यांनी इतरांस लावली, तीच स्वतःसही लावली. १९११ साली त्यांनी स्वतःचे एक लहानसे रुग्णालय काढले होते. १९१६ पर्यंत तेथून ३३७ रोगी घरी गेले. त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका कॉडमन यांनी छापून सर्वांपुढे ठेवल्या.

पहिले महायुद्ध संपल्यानंतर, १९२० साली, हाडाच्या कर्करोगाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. या रोगातून बरे होऊन पाच वर्षे जगलेले रोगी कोठे आहेत आणि ते कोणत्या उपायाने बरे झाले, याचे खात्रीलायक उत्तर कोणापाशीही नव्हते. तेव्हा कॉडमन यांनी देशभरच्या शस्त्रवैद्यांना आवाहन केले, की त्यांनी आपल्या रोग्यांची हकिकत, क्ष-किरण चित्रे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी गाठीचे पातळ काप पाठवावेत. अशा रीतीने 'अस्थि-सार्कोमा नोंदणी' सुरू झाली. न्यूयॉर्कचे जेम्स यूइंग आणि बाल्टिमोरचे जोसेफ ब्लडगुड हे दोन नामांकित तज्ज्ञ त्यांच्या साहाय्यास आले. पुढे अमेरिकेतील शस्त्रवैद्यांच्या महाविद्यालय-संस्थेने या कार्यास आश्रय दिला.

कागद जमू लागले, तसा मोठा गोंधळ दृष्टीस पडला. एकाच गाठीला निरनिराळे वैद्य निरनिराळी नावे देत होते. तर अगदी भिन्न स्वभावाच्या गाठी एकाच नावाखाली मोडत होत्या. ज्यांना 'बरे झालेले' म्हणून गणले होते, त्यांतील कित्येकांना मुळात कर्करोग झालाच नव्हता. यातील धोका दुहेरी होता. साध्या गाठीला कर्करोग मानले, तर धडधाकट होऊ शकणारा पाय व्यर्थ कापला जाई. आणि कर्करोगास साधी गाठ मानले, तर रोग्याचे प्राण जात. म्हणून प्रथम नावे निश्चित करणे आणि निदानाच्या खुणा ठरविणे आवश्यक होते. हे काम या नोंदणीने हाती घेतले.

यांपैकी एक खूण आजही कॉडमन यांच्या नावाने ओळखली जाते. हाडावर एक पातळ, चिवट आवरण असते. आतून गाठ वेगाने वाढली, म्हणजे हे आवरण हाडापासून उचलले जाते. जेथे ते सुटू लागते, त्या कोपऱ्यात नवे हाड तयार होते आणि क्ष-किरण चित्रात ते त्रिकोणासारखे दिसते. यास 'कॉडमनचा त्रिकोण' म्हणतात. हाडात पू झाल्यासही तो क्वचित दिसतो. म्हणून केवळ त्यावरून निदान करीत नाहीत. तथापि, तो दिसताच वैद्य सावध होतात.

नोंदणीतून निघालेले सत्य मात्र कठोर होते. खऱ्या अस्थिकर्करोगातून वाचलेले रोगी फारच थोडे होते. हात किंवा पाय कापून टाकला, तरी पुष्कळांच्या फुप्फुसांत रोग आधीच पोहोचलेला असे. ही वार्ता दुःखद खरी, पण तिचे मोल मोठे होते. केवळ शस्त्र पुरेसे नाही, हे ज्याला कळले, तोच दुसरा उपाय शोधू लागतो. १९७० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियेच्या जोडीस तीव्र औषधे देण्यास आरंभ झाला. पूर्वी पाचांपैकी सुमारे एकच रोगी वाचत असे. आता रोग इतरत्र पसरण्यापूर्वी उपचार झाल्यास तिघांपैकी सुमारे दोघे वाचतात. पूर्वीचे आकडे प्रामाणिकपणे लिहिलेले नसते, तर हा फरक कोणाच्या ध्यानात आला असता?

१९८० साली फ्लोरिडातील शस्त्रवैद्य विल्यम एनेकिंग यांनी अशा गाठींच्या अवस्थांची पद्धतशीर मांडणी केली. गाठ किती उग्र आहे आणि ती कोठवर पसरली आहे, हे पाहून किती भाग काढावयाचा, हे तिच्या साहाय्याने ठरविता येऊ लागले. आज बहुतेक रोग्यांचा पाय कापावा लागत नाही. गाठीभोवतीच्या थोड्या निरोगी भागासह रोगट हाड काढतात आणि त्या जागी धातूचा सांधा बसवितात. वाढत्या मुलांसाठी तर लांबी वाढविता येईल असे सांधेही निघाले आहेत.

हे पाहावयास कॉडमन उरले नव्हते. १९३४ साली खांद्याच्या विकारांवरील आपला ग्रंथ त्यांनी प्रसिद्ध केला आणि २३ नोव्हेंबर १९४० रोजी त्यांचे निधन झाले, तेही कर्करोगानेच. त्यांच्या दफनस्थळी कित्येक वर्षे नावाचा दगडही नव्हता. तो २०१४ साली बसविण्यात आला. तोपर्यंत त्यांची कल्पना मात्र दूरवर पोहोचली होती. उपचारानंतर रोग्याचे पुढे काय झाले, हे विचारणे आणि जे उत्तर मिळेल ते, अपयशाचे असले तरी, लिहून ठेवणे हे आज वैद्याचे कर्तव्य मानले जाते. ज्या प्रश्नासाठी कॉडमन यांना आपले स्थान गमवावे लागले, तो प्रश्न आज कर्करोगाच्या प्रत्येक नोंदवहीत विचारलेला असतो.