विश्लेषण : विज्ञान-अभियांत्रिकीत पीएच.डी. केली; आता नोकरी शोधायची कुठे?

पीएच.डी. हाती येईपर्यंत बहुतेकांची तिशी जवळ आलेली असते. पदवी महाविद्यालय, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि राष्ट्रीय संशोधन संस्था या तिन्ही ठिकाणच्या भरतीची रीत वेगळी आहे. एकीकडची तयारी दुसरीकडे फारशी उपयोगी पडत नाही.

पात्रतेचे निकष काय?

विज्ञान महाविद्यालयांत नेट किंवा सेट ही किमान पात्रता. विज्ञान विषयांची नेट ‘सीएसआयआर’च्या नावाने होते, तर महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते. विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची होणार होती. जुलै २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती ऐच्छिक केली. अभियांत्रिकीत ‘एआयसीटीई’चे नियम लागू होतात. तिथे बी.ई. आणि एम.ई. या पदव्या व त्यांपैकी एकीत प्रथम श्रेणी लागते, नेटची अट नाही.

आयआयटी, आयसरमध्ये प्रवेश कसा मिळतो?

तिथे पीएच.डी. हवीच, नेटचा प्रश्न येत नाही. आयआयटीत पीएच.डी.नंतर तीन वर्षांचा अनुभव नसेल, तर सहायक प्राध्यापकाची खालची, कंत्राटी श्रेणी मिळते. बऱ्याच संस्थांची जाहिरात वर्षभर खुली असते. त्यामुळे अनेक जण ‘अंतिम तारीख’ शोधत बसतात आणि ती सापडत नाही म्हणून अर्जच करत नाहीत! अर्जासोबत पुढील काही वर्षांचा संशोधन आराखडा आणि शिफारसपत्रे द्यावी लागतात. आराखडा मार्गदर्शकाच्याच कामाचा पुढचा भाग वाटला, तर अर्ज तिथेच कमकुवत होतो. विभागाकडे आधीच कोणते विषय आहेत, हे पाहून अर्ज केलेला बरा. आपण त्यांच्या कामात कोणती भर घालणार, हेच निवड समिती पाहते.

मधल्या काळात काय?

महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवता येते. पण पैसे घेतलेल्या तासांचेच, सुट्टीत हात रिकामे. संशोधन चालू ठेवायचे असेल तर प्रकल्पातील जागा अधिक सोयीची. केंद्राच्या निधीवरील प्रकल्पांत संशोधन सहयोगीला १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ५८ हजार ते ६७ हजार रुपये आणि घरभाडे भत्ता असा दर आहे. ‘इन्स्पायर फॅकल्टी’ योजना याहून मोठी आहे : दरमहा सव्वा लाख रुपये, वर्षाला सात लाखांचे संशोधन अनुदान, तेही पाच वर्षे. मात्र सर्वसाधारण गटासाठी वयोमर्यादा ३२ वर्षे असल्याने पीएच.डी. लांबलेल्यांना ती हुकते.

प्रकल्पातील जागा प्रकल्पाबरोबरच संपते. पहिले वर्ष उलटून गेलेल्या प्रकल्पातही भरती होते. म्हणून निधी कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे आणि शोधनिबंधावर नाव कोणत्या क्रमाने येईल, हे रुजू होण्यापूर्वी, मुलाखतीतच विचारून घ्यावे.