‘जरा’ला इंग्रजीत काय म्हणतात?

एखाद्याला ‘तुझं काम चुकलंय’ असं तोंडावर सांगणं कुठल्याही भाषेत अवघडच. ते परक्या भाषेत सांगायचं झालं की अडचण दुप्पट होते. सांगायचं काय ते ठाऊक असतं, पण शब्द एक तर दगडासारखा पडतो, नाही तर तोंडातच विरघळतो. नोकरीला लागलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांशी बोलताना ही तक्रार मी वारंवार ऐकली आहे. ‘इंग्लिश येतं की! पण कुणाला काही सुनवायचं म्हटलं की येत नाही.’ असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, हे भाषेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने मांडायचा हा प्रयत्न.

आधी आपल्या गावाकडे बघू. अनगोळहून उद्यमबाग हाकेच्या अंतरावर. फाउंड्र्या, मशीन शॉप, हायड्रॉलिक्सचे कारखाने. तिथे मशीनवर मराठी, कन्नड, हिंदी, उर्दू सगळं एकाच वाक्यात चालतं आणि कुणाचं काही अडत नाही. पण तेच लोक मीटिंगला बसले की भाषा बदलते. ईमेल इंग्रजीत, वर्षअखेरचा अप्रेझल फॉर्म इंग्रजीत, ग्राहकाची तक्रार इंग्रजीत. त्याला सोय हे एक कारण आहे. दुसरं कारण आपण सगळे जाणतो. 1956 पासून या भागात कोण कुठल्या भाषेत बोलतो हा साधा प्रश्न राहिलेला नाही. मराठी सुपरवायझरने कन्नड सहकाऱ्याला मराठीत झापलं, किंवा उलट झालं, तर चूक बाजूला राहते आणि भाषाच मध्ये येते. इंग्रजी दोघांचीही नाही, म्हणून ती बरी वाटते. पण ती दोघांचीही नाही, म्हणूनच ती दोघांनाही अपुरी पडते.

अपुरी म्हणजे नेमकी कुठे? शब्दसंग्रहात नव्हे. अडचण आहे ती वाक्य मऊ करण्याच्या साधनांत.

मराठीत ही साधनं बारीक बारीक असतात. ‘जरा’, ‘बरं का’, ‘की’, ‘ना’, ‘हो’. ‘हे परत कर’ हा हुकूम झाला. ‘हे जरा परत करतोस का?’ ही विनंती. ‘परत केलास तर बरं की’ हा मैत्रीचा सल्ला. काम तेच, पण ऐकणाऱ्याच्या मनावर पडणारा भार वेगळा. शिवाय ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ आहेतच. क्रियापदाच्या प्रत्ययातूनच आपण मान देतो, त्यासाठी वेगळा शब्द खर्च करावा लागत नाही. आणि ‘तुम्ही चूक केली’ऐवजी ‘इथे थोडी चूक झालीय’ म्हटलं की बोलण्यातून माणूस अलगद बाजूला निघतो.

इंग्रजीत हे सगळं दुसरीकडे ठेवलेलं आहे. ‘दाउ’ हे एकेरी सर्वनाम रोजच्या बोलण्यातून गेलं. आज आपण ते बहुतेक प्रार्थनेतच ऐकतो. उरला एकटा ‘यू’, जो साहेबालाही तोच आणि शिकाऊ पोरालाही तोच. आपल्याकडे ‘सर’ आणि ‘मॅडम’ वाक्यागणिक येतात ते त्यामुळेच. हरवलेला ‘तुम्ही’ आपण त्या शब्दांतून परत आणतो. ‘जरा’चं काम इंग्रजीत ‘कुड’, ‘वुड’, ‘माइट’, ‘अ बिट’, ‘आय थिंक’ असे शब्द करतात. शाळेत हे आपल्याला भूतकाळ आणि शक्यता म्हणून शिकवले गेले, सौजन्य म्हणून नाही. मग बोलताना मराठीतला ‘जरा’ गळतो, इंग्रजीतला ‘कुड’ सुचत नाही आणि उरतो तो उघडा हुकूम.

‘असं का बरं केलंस?’ हे मराठीत काळजीचं वाक्य आहे. ‘व्हाय डिड यू डू धिस?’ म्हटलं की ती उलटतपासणी होते, कारण ‘बरं’ वाटेत सांडला. ‘मला एक शंका आहे’ म्हणजे आपल्याला काहीतरी विचारायचंय. ‘आय हॅव अ डाउट’ हे भारतात कुणालाही कळतं, पण परदेशी ग्राहकाला वाटू शकतं की याचा आपल्यावर विश्वासच नाही. ‘तुला हे करायला पाहिजे’ याचं ‘यू मस्ट डू धिस’ झालं की सल्ल्याचा दंडक होतो.

पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी सौजन्याच्या भाषेवर केलेलं काम इथे उपयोगी पडतं. 1987 साली ते स्वतंत्र पुस्तक म्हणून आलं. इंग्रजी, मेक्सिकोतली त्झेल्ताल आणि आपल्या दक्षिणेतली तमिळ या भाषा त्यांनी मुख्यतः तपासल्या. त्यांचा मूळ शब्द ‘फेस’. आपल्याला तो समजावून सांगायची गरज नाही. ‘तोंड दाखवायला जागा उरली नाही’, ‘नाक कापलं गेलं’ असं आपण म्हणतोच. त्यांच्या मते प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात. चार जणांत आपल्याला मान असावा, आणि कुणी आपल्यावर जबरदस्ती करू नये. चूक दाखवणं या दोन्हींना एकदम धक्का देतं. म्हणून प्रत्येक भाषा त्या धक्क्यासाठी गाद्या-उशा तयार ठेवते. परक्या भाषेत गेलं की आपल्या गाद्या घरी राहतात आणि तिथल्या कुठे ठेवल्यात ते माहीत नसतं.

उशी नसेल तर माणूस दोनपैकी एक करतो. एक तर धाडकन बोलतो आणि ‘रूड’ ठरतो, किंवा बोलायचंच टाळतो. पहिल्याची चर्चा होते. माझ्या मते दुसरा जास्त नुकसान करतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा एका कारखान्यात सहा महिने ट्रेनी होता. शेवटच्या दिवशी त्याच्या हातात कागद आला, ‘नॉट अप टु द मार्क’. तो मार्क कुठे होता, हे त्याला सहा महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा साहेब बाहेरच्या राज्यातला, भला माणूस. दर आठवड्याला भेटला की ‘गुड, गुड, ट्राय टु इम्प्रूव्ह’ म्हणायचा. त्या ‘इम्प्रूव्ह’मध्ये नेमकं काय होतं ते साहेबाला इंग्रजीत सांगता आलं नाही आणि मुलाला इंग्रजीत विचारता आलं नाही. दोघांच्या संकोचाची किंमत एकानेच भरली.

‘फीडबॅक’ हा शब्द मुळात यंत्रविद्येतला. यंत्रातून बाहेर पडलेल्या फळाची माहिती परत आत पाठवायची, म्हणजे पुढचं फळ सुधारेल. भट्टीचं तापमान सहा महिन्यांनी सांगणारा तापमापक काय कामाचा? माणसाच्या बाबतीतही हेच.

मग करायचं काय? उत्तर उद्यमबागेच्याच कागदपत्रांत आहे असं मला वाटतं. दर्जा तपासणाऱ्या विभागात एनसीआर नावाचा अहवाल असतो. एखादा भाग नियमात बसला नाही की तो लिहितात. त्यात काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय आढळलं आणि पुरावा काय, एवढंच असतं. ‘ऑपरेटर निष्काळजी आहे’ असं लिहायला त्यात रकानाच नसतो. ज्यांचं इंग्रजी बेताचं आहे अशी माणसंही हा अहवाल बिनचूक लिहितात, कारण तिथे विशेषणं लागत नाहीत, लागतात ती मापं.

तीच पद्धत बोलण्यात आणता येते. समजा, सांगायचंय की शाफ्ट जाड निघालेत. ‘युवर वर्क इज नॉट गुड’ म्हटलं तर माणूस दुखावतो आणि शाफ्ट जाडच राहतो. त्याऐवजी: ‘आय चेक्ड टेन पीसेस. द ड्रॉइंग सेज 25, प्लस-मायनस 0.02. फोर पीसेस आर 25.06. कुड वी चेक द टूल टुगेदर?’ सगळं इंग्रजी शाळेतलं आहे. पहिल्या तीन वाक्यांत माणूस नाही, वस्तू आहे. शेवटच्या वाक्यात ‘कुड’ आहे, म्हणजे आपला ‘जरा’. आणि ‘वी’ आहे, म्हणजे ‘आपण’.

ऑफिसातही हेच लागू पडतं. ‘यू आर ऑल्वेज लेट’ यावर समोरचा ‘ऑल्वेज’वर वाद घालतो. ‘धिस वीक यू केम आफ्टर 9.30 थ्री टाइम्स. इज एव्हरीथिंग ओके?’ यावर वाद घालायला जागा नाही, आणि त्याच्या घरी कुणी आजारी असेल तर ते सांगायला जागा आहे. ‘ऑल्वेज’ आणि ‘नेव्हर’ हे दोन शब्द टाळले तरी निम्मं काम होतं. ‘जरा’साठी चार-पाच वाक्यं पाठ करून ठेवावीत: ‘कुड यू’, ‘कॅन वी’, ‘आय नोटिस्ड’, ‘वुड इट हेल्प इफ’. पाठांतराची लाज कसली? मराठीतला ‘बरं का’सुद्धा आपण ऐकूनच शिकलो.

ही बोलणी चारचौघांत करू नयेत, हे सांगायला मॅनेजमेंटचं पुस्तक लागत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात हाच क्रम आहे. भावाचं चुकलं तर आधी एकट्याला गाठून सांगा, नाही ऐकलं तर एक-दोघांना सोबत घ्या, आणि मगच सभेपुढे जा. आपल्याकडे अनेकदा क्रम उलटा असतो. आधी सगळ्यांना सीसी लावून मेल जातो. चुकणाऱ्याला समजावणं हे ख्रिस्ती परंपरेत दयेच्या आध्यात्मिक कृत्यांपैकी एक मानलं जातं, म्हणजे ते शिक्षेच्या खात्यात येत नाही. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात की कनिष्ठानेही वरिष्ठाची चूक दाखवावी, फक्त सौम्यपणे आणि आदराने. ‘साहेबाला कसं सांगू?’ या प्रश्नाला तेराव्या शतकातलं हे उत्तर अजून पुरतं.

एकांताचा आणखी एक फायदा म्हणजे तिथे भाषा बदलता येते. ‘शॅल वी टॉक इन हिंदी?’ किंवा ‘मराठीत बोलू का?’ असं विचारून बघावं. मात्र निवड समोरच्याला करू द्यावी, नाही तर ‘तुला इंग्लिश येत नाही’ असा अर्थ निघतो. बोलून झाल्यावर दोन ओळींचा मेल इंग्रजीत पाठवावा, म्हणजे काय ठरलं ते दोघांकडे राहतं.

पु. लं.नी ‘गणगोत’मध्ये उभे केलेले बेळगावचे रावसाहेब आठवा. त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत शिव्यांची कमी नव्हती, तरी माणसं दुरावली नाहीत, कारण ऐकणाऱ्याला मागचा जीव ऐकू यायचा. तो जीव इंग्रजीत उतरवायला वेळ लागतो. म्हणून शेवटी एक मागणं ऐकणाऱ्याकडेही आहे. उद्या कुणी तुम्हाला तुटक इंग्रजीत ‘यू डू अगेन’ म्हणालं, तर रागावण्याआधी मनातल्या मनात त्यात एक ‘जरा’ घालून बघा. बहुतेक वेळा तो तिथे असतोच, फक्त बोलणाऱ्याला सापडलेला नसतो.