यांत्रिक नौकांच्या शर्यतींतील जलवाहतूक सुरक्षा

यांत्रिक नौकांच्या शर्यतींतील जलवाहतूक सुरक्षा म्हणजे पॉवरबोटींच्या शर्यती, त्यांचा सराव आणि चाचणी-फेऱ्या चालू असताना त्या परिसरातील मासेमारी नौका, प्रवासी लाँच, प्रेक्षकांच्या होड्या आणि बचावनौका यांच्या हालचालींवर घातलेली बंधने व त्यामागील नियम होत. शर्यतीतील नौकांसाठीचे नियम प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय मोटारनौका महासंघ (युनियन इंटरनॅशनल मोटोनॉटिक) ठरवतो. १९२२ मध्ये स्थापन झालेल्या या महासंघाचे मुख्यालय मोनॅको येथे आहे. शर्यतीबाहेरील नौकांसाठी मात्र सागरी टक्कर-प्रतिबंधक नियम, त्या त्या बंदराचे स्थानिक आदेश आणि देशांतर्गत जलमार्गांचे कायदे लागू होतात. शर्यतीच्या दिवशी या दोन नियमव्यवस्था एकाच पाण्यावर एकत्र येतात, आणि सुरक्षेचे बहुतेक प्रश्न त्यांच्या सीमारेषेवर उद्भवतात.

भारतातील शर्यती

मुंबईत मरीन ड्राइव्हलगतच्या समुद्रात ३ ते ५ मार्च २०१७ या काळात ‘इंडियन ग्रां प्री ऑफ द सीज’ ही शर्यत झाली. तीत पी-वन मालिकेतील सुमारे २८ फूट लांबीच्या, २५० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या ‘पँथर’ नौका वापरण्यात आल्या. अशा नौकेत चालक व मार्गदर्शक असे दोघे बसतात. पुढील वर्षी १६ ते १८ नोव्हेंबर २०१८ या काळात आंध्र प्रदेशात कृष्णा नदीवर फॉर्म्युला वन जागतिक मालिकेतील एक फेरी झाली. फॉर्म्युला वनच्या नौका याहून हलक्या व कितीतरी वेगवान असतात. त्यांचा तळ दोन पट्ट्यांचा असतो, मधल्या पोकळीत हवा कोंडून नौका जवळजवळ पाण्यावरून उडते आणि ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग गाठते.

पहिली शर्यत उघड्या समुद्रात, कोळीवाड्यांच्या आणि बंदराच्या शेजारी झाली, तर दुसरी नदीच्या बंदिस्त पात्रात. वाहतूक थांबविण्याच्या दृष्टीने हे दोन पूर्णतः वेगळे प्रश्न आहेत. नदीचे पात्र दोन्ही बाजूंनी बंद करता येते. समुद्राला दार नसते.

नेहमीचे नियम अपुरे का पडतात

समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठीचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ मध्ये तयार झाले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांचा गाभा साधा आहे. प्रत्येक नौकेने सतत टेहळणी ठेवावी (नियम ५) आणि परिस्थितीला साजेशा सुरक्षित वेगाने चालावे (नियम ६). समोरासमोर आलेल्या दोन यांत्रिक नौकांनी आपापल्या उजवीकडे वळावे (नियम १४). वाटा छेदत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी नौका दिसते तिने वाट द्यावी (नियम १५). मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला त्रास होऊ देऊ नये (नियम १३). जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला यांत्रिक नौकेने वाट द्यावी, असेही नियम १८ सांगतो. म्हणजे एरवी समुद्रावर जाळे लावून बसलेल्या कोळ्याच्या होडीचा मान मोठा असतो.

हे सारे नियम एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे विचार करायला मिळणारा वेळ. समोरची नौका पाहायची, तिची दिशा जोखायची, टक्कर संभवते का हे ठरवायचे आणि मग सुकाणू फिरवायचे. ताशी ११० किलोमीटर वेगाची नौका एका सेकंदात सुमारे ३० मीटर अंतर कापते. समोरून सात नॉट, म्हणजे ताशी साधारण १३ किलोमीटर वेगाने मासेमारी नौका येत असेल, तर ३०० मीटरांचे अंतर नऊ सेकंदांच्या आत संपते. तेवढ्या वेळात मासेमारी नौका जेमतेम ३० मीटर सरकते. तांडेल कितीही अनुभवी असला तरी त्या अवधीत त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. शर्यतीतील नौकेला ब्रेक नसतो, उसळत्या नाळेमुळे चालकाला समोरचे पाणी काही क्षण दिसतच नाही आणि इंजिनांच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही.

म्हणून शर्यतीच्या वेळी ‘कोणी कोणाला वाट द्यावी’ हा प्रश्नच बाजूला ठेवून नौकांना जागेने आणि वेळेने एकमेकांपासून वेगळे करावे लागते. याला कायद्याचा आधारही आहे. बंदरे, नद्या आणि सरोवरे यांसाठी योग्य प्राधिकरणाला विशेष नियम करता येतात, मात्र ते आंतरराष्ट्रीय नियमांशी शक्य तितके सुसंगत असावेत, अशी तरतूद नियम १ मध्ये आहे. तात्पुरता बंद केलेला शर्यतमार्ग हा अशाच अधिकाराचा वापर होय. असा रीतसर आदेश नसेल तर मासेमारी नौकेचा वाटेवरील हक्क जसाच्या तसा राहतो. संयोजकांनी पाण्यात चार बोये सोडले म्हणून तो संपत नाही, हे आवर्जून लक्षात घेतले पाहिजे.

शर्यतमार्ग आणि त्याभोवतीचा पट्टा

शर्यतमार्ग वळणांवरील मोठ्या, फुगवलेल्या, भडक रंगाच्या बोयांनी आखतात. शर्यतीच्या नौकांसाठीचा हा मार्ग आणि प्रेक्षक-नौकांची जागा यांच्यामध्ये एक मोकळा पट्टा राखावा लागतो. तो सर्वत्र सारख्या रुंदीचा असून चालत नाही. वळणावर तोल गेलेली नौका वळणाच्या बाहेरच्या अंगाला, सरळ रेषेत फेकली जाते. त्यामुळे सरळ भागापेक्षा वळणाबाहेर पट्टा कितीतरी रुंद हवा. दुर्दैवाने प्रेक्षकांना पाहण्यासाठी नेमके वळणच सर्वांत आवडते.

मुंबईसारख्या ठिकाणी भरती-ओहोटीचाही हिशेब करावा लागतो. उधाणाच्या दिवसांत येथे भरती व ओहोटीच्या पातळीत पाच मीटरांच्या आसपास फरक पडतो. भरतीला आखलेल्या मार्गाखालील खडक ओहोटीला वर येतात. शिवाय नांगराच्या दोराला पडलेल्या ढिलाईमुळे बोये जागचे सरकतात आणि राखलेला पट्टा एका बाजूने अरुंद होतो. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या कामाच्या प्रारंभासाठी निघालेली एक स्पीडबोट याच किनाऱ्याजवळ खडकावर आदळून बुडाली आणि त्यात एकाचा मृत्यू झाला. ती शर्यत नव्हती, पण वेगवान नौका आणि खडकाळ किनारा यांची गाठ कशी पडते हे त्यातून दिसते.

बोटीमागे उठणाऱ्या लाटांचा धोका अनेकांच्या लक्षात येत नाही. शर्यतीच्या नौकेपेक्षा प्रेक्षकांना घेऊन सावकाश जाणारी जड लाँच अधिक मोठी लाट उठवते. ती लाट शर्यतमार्गात शिरली, की वेगात असलेली हलकी नौका तिच्यावरून हवेत उधळते. म्हणून प्रेक्षक-नौकांनी शर्यतीपूर्वीच ठरलेल्या जागी नांगर टाकावा, शर्यत चालू असताना जागा बदलू नये आणि बोयाला दोर बांधू नये असा दंडक असतो. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरावर वेगाचा विक्रम करू पाहणारे डॉनल्ड कॅम्पबेल अपघातात मरण पावले. त्यांनी पहिल्या फेरीच्या लाटा शमण्याची वाट न पाहता परतीची फेरी सुरू केली होती. अपघाताचे तेच कारण होते की नाही, याविषयी आजही मतभेद आहेत.

सूचना आणि खुणा

मार्ग बंद करण्याचा आदेश कागदावर निघणे आणि तो होडीतल्या माणसापर्यंत पोहोचणे यांत अंतर आहे. मोठ्या जहाजांना नाविकांसाठीच्या सूचना आणि रेडिओवरील इशारे मिळतात. अतिउच्च वारंवारतेच्या सागरी रेडिओवर १६ क्रमांकाची वाहिनी संकट व हाकेसाठी राखीव आहे. पहाटे जाळे टाकायला गेलेल्या लहान होडीत मात्र रेडिओ असेलच असे नाही. तिच्यासाठी मच्छीमार सहकारी संस्थेच्या फलकावर मराठीत लावलेली सूचना, तांडेलांची बैठक आणि धक्क्यावरची दवंडी हाच खरा मार्ग ठरतो. सूचनेत बंद होण्याची व उघडण्याची वेळ, हद्दीच्या किनाऱ्यावरील ओळखीच्या खुणा आणि परतीची पर्यायी वाट हे तिन्ही असायला हवे. केवळ अक्षांश-रेखांश दिलेली सूचना देऊन कर्तव्य पार पडले असे मानणे योग्य नाही. जाळी उचलून घेण्यास पुरेसा अवधी मिळाला नाही, तर तुटलेली जाळी शर्यतीच्या नौकेच्या पंख्यात अडकतात आणि दोघांचेही नुकसान होते. त्या दिवशी बुडालेल्या रोजगाराचा प्रश्नही याच बैठकीत सुटावा, कारण ज्याच्या चुलीवर परिणाम होतो तो मनाविरुद्ध घातलेली बंदी फार काळ पाळत नाही.

शर्यतीतील चालकांना झेंड्यांनी संदेश देतात. हिरवा झेंडा सुरुवातीचा, पिवळा सावधगिरीचा, लाल शर्यत थांबविण्याचा, काळा संबंधित नौकेला बाद करण्याचा आणि चौकटींचा समाप्तीचा. बाहेरच्या नौकांच्या दृष्टीने लाल व चौकटींच्या झेंड्यांबाबत गैरसमज सर्वाधिक असतो. शर्यत थांबली किंवा संपली म्हणजे मार्ग मोकळा झाला असे नव्हे. पाण्यात माणूस असू शकतो, तुटलेले भाग तरंगत असतात, बचावनौका धावत असतात. गस्तीनौकांनी मार्ग धुंडाळून ‘मार्ग खुला’ असे जाहीर केल्यावरच इतरांनी आत यावे.

चालकांची आणि बचावदलाची तयारी

१९८०च्या दशकात फॉर्म्युला वनमध्ये एकामागून एक चालक दगावल्यानंतर चालकाभोवती मजबूत संरक्षक कोश बसविण्याची पद्धत आली. ३ ऑक्टोबर १९९० रोजी मोनॅकोजवळच्या समुद्रात जगज्जेता चालक स्टेफानो कासिरागी आपले अजिंक्यपद राखताना नौका उलटून मरण पावला, त्याचा सहचालक मात्र बचावला. कोशात बसणाऱ्या चालकाला उलट्या कोशातून पाण्याखाली पट्टा सोडून बाहेर येण्याची चाचणी द्यावी लागते. उघड्या नौकांत चालकाच्या अंगाला इंजिन बंद करणारी दोरी अडकवलेली असते. तो फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन थांबते. ही दोरी स्वस्त आहे आणि ती प्रत्येक सहलीच्या स्पीडबोटीतही वापरावी, परंतु ती खुंटीला नुसतीच लटकवलेली दिसते.

बचावनौका मार्गाच्या आतच, इंजिन चालू ठेवून, पाणबुडे व वैद्यकीय मदतनीस घेऊन सज्ज असावी लागते. उलटलेल्या कोशात अडकलेल्या माणसाजवळ मिनिटे नसतात, सेकंद असतात. बचावनौका किंवा रुग्णवाहिका जागेवर नसेल तर शर्यत सुरू करू नये, आणि ती रुग्णाला घेऊन गेली असेल तर दुसरी येईपर्यंत थांबावे. भारताच्या सागरी क्षेत्रात शोध व बचावाचे समन्वयन भारतीय तटरक्षक दल करते. त्याचा मदत क्रमांक १५५४ आहे.

‘नीलकमल’ दुर्घटना

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास, गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीडबोट आदळली. नौदलाच्या निवेदनानुसार इंजिनाची चाचणी चालू असताना या नौकेवरील नियंत्रण सुटले. घटनास्थळ कारंजाजवळचे होते (उरण तालुक्यातील कारंजा, वाशिम जिल्ह्यातील कारंजा लाड नव्हे). प्रवासी बोटीवर शंभराहून अधिक लोक होते. १५ जणांचा मृत्यू झाला. अनेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्यानंतर गेटवेहून सुटणाऱ्या बोटींत ती घालणे सक्तीचे करण्यात आले.

ही शर्यत नव्हती, तरीही शर्यतीच्या नियमांतील एक कलम येथे नेमके लागू पडते. सराव आणि चाचणी-फेऱ्यांनाही शर्यतीइतकाच बंद मार्ग हवा. शर्यतीच्या दिवशी पोलीस, झेंडे, गस्तीनौका सारे हजर असते. त्याआधीच्या आठवड्यात नव्याने बसवलेले इंजिन तपासणारी नौका बहुधा एकटीच, चालू वाहतुकीच्या पाण्यावर फिरत असते. यंत्रात बिघाड होण्याची शक्यता तर चाचणीच्या वेळीच सर्वाधिक.

देशांतर्गत जलाशय

विदर्भातील धरणांवर जलक्रीडा आणि नौकाविहार वाढत असल्याने हे नियम समुद्रकिनाऱ्यापुरते राहिलेले नाहीत. देशांतर्गत नौकांसाठी १९१७च्या कायद्याच्या जागी देशांतर्गत नौका अधिनियम, २०२१ आला. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी, तपासणी, चालकाचे प्रमाणपत्र आणि विमा यांच्या तरतुदी आहेत. वल्ह्याच्या नावांची नोंद स्थानिक पातळीवर करण्याची व्यवस्थाही त्यात आहे.

वाशिम जिल्हा (स्थापना १ जुलै १९९८) उदाहरणादाखल घेता येईल. पैनगंगा, अडाण, पूस, काटेपूर्णा अशा नद्यांच्या या प्रदेशात मोठी नैसर्गिक सरोवरे नाहीत, पाणी आहे ते धरणांचे. वाशिम शहराला पाणी पुरवणारा एकबुर्जी प्रकल्प किंवा कारंजा तालुक्यातील अडाण प्रकल्प यांसारख्या जलाशयांत उन्हाळ्याकडे पातळी झपाट्याने उतरते आणि पावसाळ्यानंतर दिसत नसलेले बांध, झाडांचे बुंधे व जुन्या विहिरींचे काठ पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येतात. वेगवान नौकेसाठी ते समुद्रातील खडकांइतकेच घातक. पिण्याच्या पाण्याच्या जलाशयात इंधनगळतीचा प्रश्नही उरतो, आणि अशा ठिकाणी शर्यतीचा विचारच करू नये हे बरे. भोई समाजातील मच्छीमार येथे लहान डोंग्यांतून किंवा थर्माकोलच्या तराफ्यांवरून जाळी लावतात. वेगवान नौकेच्या नुसत्या लाटेने असा तराफा उलटतो, टक्कर होण्याचीही गरज नसते.

मदतीचे अंतर हा येथील दुसरा प्रश्न. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर व धुळे येथे, तर राष्ट्रीय दलाची बटालियन पुण्याजवळ आहे. तेथून वाशिमला पोहोचायला काही तास लागतात. अकोला जिल्ह्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा शोध व बचाव पथकासारखी स्वयंसेवी पथके त्यामानाने जवळ आहेत, पण त्यांनाही घटनेनंतर बोलावले तर बहुधा शोधकार्यच करावे लागते. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील झुंज येथे वर्धा नदीत नाव उलटून ११ जण बुडाले. देशांतर्गत पाण्यावर कोणताही वेगवान नौकांचा कार्यक्रम ठरवताना बचावनौका, पाणबुडे आणि डॉक्टर काठावर आधीच हजर असल्याची लेखी खात्री झाल्याशिवाय जिल्हा प्रशासनाने व जलसंपदा विभागाने परवानगी देऊ नये.