वाचनवाट (भाग ११) : पुस्तक सांगताना

परभणीत एखाद्याच्या हातात पुस्तक दिसलं की शेजारचा माणूस हमखास विचारतो, ‘कोणत्या परीक्षेचं आहे?’ ते परीक्षेचं नाही असं कळलं की त्याचा दुसरा प्रश्न येतो, ‘मग चांगलं आहे का?’ या दुसऱ्या प्रश्नावर आपण फार उतावीळपणे बोलतो. ‘जबरदस्त आहे, वाचच तू,’ म्हणून मोकळे होतो. समोरचा मान हलवतो आणि पुस्तकाचं नाव तिथंच विसरतो.

कपाटांची वर्गवारी कशी चालते ते मागच्या भागात पाहिलं. आज त्या कपाटांतून पुस्तक माणसापर्यंत पोचतं कसं ते पाहू. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल रंगनाथन हे मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं दुसरं सूत्र वाचकाच्या बाजूनं बोलतं, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं. तिसरं पुस्तकाची बाजू घेतं, प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक मिळायला हवा. ही गाठ घालून देणारा माणूस म्हणजे देवघेवीच्या टेबलावरचा ग्रंथपाल. तो नसेल तिथं तुम्ही आणि मी.

मोबाइलवर अधूनमधून ‘मरण्यापूर्वी वाचावीत अशी शंभर पुस्तकं’ फिरत असतात. ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’ त्यात असतातच. मला त्या पुस्तकांविषयी तक्रार नाही, पण त्यांना तुमच्या-माझ्या शिफारशीची गरज उरलेली नाही. शिवाय अशी यादी सगळ्यांसाठी असते, म्हणजे कुणासाठीच नसते. पुस्तक सांगण्याआधी मी समोरच्याची ‘आवड’ विचारत नाही. आवड विचारली की लोक कुठंतरी ऐकलेलं उत्तर देतात. दिवसभर काय करता, हे विचारलं की माणूस खरं बोलतो. पुस्तक त्याच्या रोजच्या कामापासून सुरू व्हावं आणि पानं उलटता उलटता त्यानं कधी मनातही आणला नसेल अशा विषयात त्याला नेऊन सोडावं.

याचा सगळ्यात खणखणीत दाखला म्हणजे वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. राजहंस प्रकाशनानं हे पुस्तक १९८१ साली काढलं आणि तेव्हापासून ते एका हातातून दुसऱ्या हातात जातंय. गवाणकर पेशानं ग्रंथपाल, हा निव्वळ योगायोग नसावा. आपल्याकडे शेतीवर बोलणाऱ्यांची वानवा नाही. १९७२ पासून इथं कृषी विद्यापीठ आहे. ‘परभणी क्रांती’ भेंडी आणि ‘परभणी मोती’ ज्वारी इथल्याच. खरिपाच्या मेळाव्याला गाड्या भरभरून माणसं येतात, विद्यापीठाची कृषी दैनंदिनी घेऊन जातात, आणि ती दैनंदिनी वर्षभर घरात हाताशी असते. असा वाचक म्हणतो, ‘मी शेती करायलो, कादंबऱ्या कशाला वाचू?’ त्याला कादंबरी सांगूच नये. त्याला सांगावं, अमेरिकेच्या दक्षिणेत एक मुलूख होता. तिथं पिढ्यान्‌पिढ्या कापसावर कापूस घेतला, जमीन पार थकली, आणि मग बोंडात शिरणारा भुंगा आला. आपल्या काळ्या रानात कापूस काढणाऱ्याला आणि बोंडअळीनं हैराण झालेल्याला यापुढचं समजावून सांगावं लागत नाही.

त्या मुलखात, अलाबामातल्या टस्कीगीच्या शाळेत, १८९६ साली जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा कृष्णवर्णी शिक्षक दाखल झाला. जन्म गुलामाच्या पोटचा. तान्हा असतानाच आईसकट पळवला गेलेला. आई पुन्हा कधी दिसली नाही, पोर मात्र घोड्याच्या मोबदल्यात परत मिळालं. त्यानं लोकांना सांगितलं, कापसाला उसंत द्या, चवळी लावा, भुईमूग लावा, रताळी लावा. द्विदल पिकाच्या मुळावरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, हे शास्त्र त्यानं अक्षरओळख नसलेल्या कुळांना गळी उतरवलं. १९०६ पासून घोड्यांच्या गाडीत अवजारं आणि बियाणं भरून ही शाळाच गावोगाव निघाली. तुरीच्या आंतरपिकाला बेवडासाठी मानणारा आपला शेतकरी हे वाचतो तेव्हा त्याला शास्त्र नवं वाटत नाही. नवं वाटतं ते दुसरंच. ज्याला गोऱ्यांच्या पंक्तीला बसू देत नव्हते तो माणूस त्याच गोऱ्यांच्याही जमिनी सुधारत होता, हे. शेतीचं म्हणून हातात घेतलेलं पुस्तक वंशभेदाचं निघतं आणि वाचणारा तोवर इतका आत शिरलेला असतो की परत फिरत नाही.

वाचनालयातली या पुस्तकाची जुनी प्रत कधी हातात घेऊन पाहा. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर कापडाची पट्टी, अनुक्रमांक शाईनं लिहिलेला. मागच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्के इतके दाटलेले की एकावर दुसरी चिठ्ठी डकवलेली असते. समासात कुणीतरी पेन्सिलीनं ‘अगदी खरे’ लिहिलेलं, त्याखाली दुसऱ्याच अक्षरात, ‘पुस्तकात लिहू नये’. पुस्तक किती चाललं ते पाहायला जाहिरातीपेक्षा ही चिठ्ठी बरी. मी नवख्या वाचकाला नेहमी सांगतो, कपाटापुढं गोंधळलास तर शेवटचं पान आधी उघड. फक्त शिक्के कमी म्हणून पुस्तक परत ठेवू नको, कारण काही पुस्तकांना त्यांचा वाचक अजून भेटलेलाच नसतो.

पुस्तक कसं सांगावं हे ज्यांच्याकडून शिकावं ते नरहर कुरुंदकर. जन्म १९३२ चा, वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचा. हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा निघाला, त्याआधी कुरुंदा परभणीतच होतं, तेव्हा थोडा हक्क आपलाही. आयुष्य नांदेडात गेलं. या माणसानं मनुस्मृतीवर लिहिलं, भरताच्या नाट्यशास्त्रावर लिहिलं, संगीतावर, हैदराबादच्या मुक्तिलढ्यावर, मराठी कादंबरीवर लिहिलं. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जे लांबलचक पत्र छापलेलं आहे, ते कुरुंदकरांचं. प्रस्तावना म्हणजे शिफारसपत्र असा आपला समज असतो, आणि हे पत्र शिफारस तर करत नाहीच, उलट लेखकापुढं अडचणी मांडतं. शिवाजीराजांवर लिहायचं तर कागद काय सांगतात, कुठं गप्प बसतात, कथेच्या मोहात पडून काय निसटतं, हे एकेक करून उलगडतं. कादंबरी बाजूला ठेवून नुसतं हे पत्र वाचणारे वाचक मला ठाऊक आहेत, आणि ते वाचून कादंबरीकडे परत वळलेलेही. ‘छान आहे’ पेक्षा ‘इथं मला पटलं नाही, तुम्ही बघा’ हे वाक्य वाचकाला जास्त लवकर पुस्तकाकडे ओढतं. आपल्या गप्पांत ते क्वचितच ऐकू येतं, कारण आवडत्या पुस्तकाची खोट दाखवणं आपल्याला बेइमानी वाटते.

परभणीत बदली होऊन आलेल्यांसाठी माझी यादी वेगळी. पहिला उन्हाळा काढून झाला की ही मंडळी ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य टोमण्यासारखं वापरायला लागतात. त्यांना मी आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’ देतो. लोमटे परभणीतलेच, पेशानं पत्रकार. या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तालुक्याच्या कचेरीत फायलीच्या पलीकडं उभा असलेला माणूस घरी जाऊन काय भोगतो, हे कचेरीतल्या साहेबाला एरवी कळायला वाट नाही. जोडीला इंद्रजित भालेरावांची ‘पीकपाणी’, १९८९ ची. कवितेला बिचकणाऱ्यालाही ती चालते, कारण तिच्यातली माणसं त्याला रोज बाजारात भेटतात. आणि हा मुलूख असा का, या प्रश्नासाठी अनंत भालेरावांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’. सांगताना मी आधीच बजावतो की यात नावं फार येतात, पहिल्या वाचनात सगळी लक्षात ठेवायचा हट्ट धरू नका. देश १९४७ ला स्वतंत्र झाला आणि आपण १७ सप्टेंबर १९४८ ला, या तेरा महिन्यांत काय घडलं ते हाती लागलं तरी खूप झालं. बी. रघुनाथांचं नाव सभागृहाच्या पाटीवर रोज वाचणाऱ्या किती परभणीकरांनी ‘आडगावचे चौधरी’ उघडली असेल? जेमतेम चाळीस वर्षांचं आयुष्य, त्यात कविता, कथा, कादंबऱ्या. ही कादंबरी बाहेरच्यांना सांगायच्या आधी आपल्याच माणसांना सांगायला हवी.

बाकीची थोडक्यात. कृषी विद्यापीठाच्या आवारात पहाटे फिरायला जाणाऱ्या निवृत्त गुरुजींना दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’. १९५६ चं हे पुस्तक महिन्यांप्रमाणे लिहिलेलं आहे, तेव्हा पहिल्या पानापासून वाचायची सक्ती नाही. जो महिना चालू असेल तिथून उघडायचं. पुण्याला कंपनीत लागलेल्या आणि मेसच्या जेवणाला विटलेल्या पोराला कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’. प्रमाणं वाटी-चमच्यात असल्यानं त्याला वजनकाटा लागत नाही. ते पुस्तक आईनं सुनेला द्यायचं असतं ही समजूत आता सोडावी. अभ्यासिकेत सकाळी सात ते रात्री दहा बसणाऱ्यांना जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरं. या मुलांना परीक्षेखेरीज काही वाचणं गुन्हा वाटतो, म्हणून त्यांना परीक्षा देणाऱ्याचंच, पण परीक्षेपलीकडं गेलेल्याचं पुस्तक द्यावं. आणि ‘मला मेलीला वेळ कुठं’ म्हणणाऱ्या वहिनींना लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागानं आलेलं हे आत्मचरित्र कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक प्रसंग याप्रमाणे वाचता येतं. अक्षरओळख नवऱ्याच्या घरी आल्यावर झालेल्या बाईनं असं मराठी लिहिलं आहे की भल्याभल्यांनी हातची लेखणी खाली ठेवावी.

दुसऱ्यांच्या वाचनावर जगायचं असेल तर दोन पुस्तकं घरात असू द्यावीत. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ आणि सतीश काळसेकरांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’. तळवलकर संपादकाच्या खुर्चीतून इंग्रजी ग्रंथांची ओळख करून देतात. त्यात रुबाब आहे, माहिती भरपूर आहे आणि कधीकधी वाचक दमतो. काळसेकर पुस्तकासोबत ते कुठं मिळालं, कुणी दिलं, हेही सांगतात. माझा कल काळसेकरांकडे. त्यांच्या या पुस्तकाला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा वाचक म्हणून आपलाच सत्कार झाल्यासारखं पुष्कळांना वाटलं.

पुस्तक सांगितलं की काम संपत नाही. ते मिळणार कुठं, हेही सांगावं लागतं. जिल्ह्यात नऊ तालुके, आणि सोनपेठ-पालमच्या वाचकाला पुस्तकांचं दुकान गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अ, ब, क, ड अशा वर्गांत बसवलेली सार्वजनिक वाचनालयं खेड्यापाड्यांत आहेत. काही नुसती पाटीपुरती आहेत, काही खरोखर चालतात. चालणाऱ्या वाचनालयात मागणीची वही असते, तिच्यात पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव नीट लिहून यावं. पुढच्या खरेदीत ते येण्याची आशा धरता येते. स्वतःची प्रत उसनी देणं हा शेवटचा मार्ग. ती द्यायची तर परत येणार नाही असं धरूनच द्यावी, म्हणजे मैत्री टिकते.

आणि नंतर विचारपूस करताना ‘आवडलं का?’ असं विचारू नये. लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘कुठपर्यंत आलात?’ हे विचारावं, पुढचं पुस्तक त्या उत्तरात असतं. कार्व्हर वाचताना जो भुईमुगापाशी आणि मातीपाशी रेंगाळला, त्याला गवाणकरांचंच खानखोज्यांचं चरित्र द्यावं. वर्ध्याचा क्रांतिकारक देशोदेशी भटकत मेक्सिकोत पोचतो आणि मक्याच्या संशोधनात नाव काढतो, ही गोष्ट खरी आहे यावर वाचकाचा आधी विश्वासच बसत नाही. जो घोड्याच्या बदल्यात परत आलेल्या पोरापाशी थबकला, त्याचा रस्ता वेगळा. त्याला जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ द्यावी, १८७३ ची. ती उघडताच अर्पणपत्रिका लागते. पुण्यात बसून फुल्यांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं आहे. तेव्हा कार्व्हर आठ-नऊ वर्षांचा असेल, आणि काळ्या मुलांना घेणारी शाळा कुठं आहे याचा शोध घेत होता. ‘गुलामगिरी’नंतर वाचकाला काही सांगावं लागत नाही. दहा वर्षांनी त्याच लेखकानं लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ तो आपणहून मागतो, आणि कापसाच्या रानातून निघालेला माणूस पुन्हा रानात येतो.

(पुढच्या भागात : दिवाळी अंक कसा निवडावा)