जुने नकाशे, जुनी छायाचित्रे आणि आपली बाजारपेठ
मुंबईच्या व्यापाराचा इतिहास कागदांत आहे. ते कागद जपायला हवेत

मुंबईत पायधुणी आणि उमरखाडी ही नावे रोज आपल्या तोंडी असतात. मालाच्या बिलावर, दुकानाच्या पाटीवर आपण ती लिहितो. पण पायधुणीत पाय धुवायला पाणी कोठे आहे, आणि उमरखाडीत खाडी कोठे आहे? याचे उत्तर जुन्या नकाशात मिळते. मुंबई बेट आणि माझगाव यांच्यामध्ये एके काळी खाडी होती. भरतीचे पाणी ओलांडून येणारा माणूस जेथे पाय धूत असे, ती जागा पायधुणी. पाणी गेले, नाव राहिले आणि त्या जागी बाजार उभा राहिला.

हा बाजार कसा वाढला, तेही नकाशे सांगतात. १८०३ साली किल्ल्यात मोठी आग लागली. त्यानंतर किल्ल्याबाहेरची वस्ती झपाट्याने वाढली. आदल्याच वर्षी, १८०२ मध्ये, जामा मशिदीचे बांधकाम पुरे झाले होते. ती एका तलावावर उभी आहे आणि वजूसाठी तो हौज आजही वापरात आहे. कोकणी मुसलमान व्यापारी आणि नाखुदा यांचा या भागाच्या उभारणीत मोठा वाटा होता. १८७२ मध्ये पूर्ण झालेल्या लॉटन यांच्या सर्वेक्षणात शहरातील रस्ते, गल्ल्या आणि इमारती बारकाईने नोंदल्या आहेत. त्यानंतर १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक व १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक तयार झाले. आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवला, की समुद्र किती मागे हटवला आणि मांडवीची गोदामे बंदराला कशी जोडली गेली, हे डोळ्यांनी दिसते.

छायाचित्रांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार. १८६० च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि नव्या इमारती उठल्या. क्रॉफर्ड मार्केट १८६९ मध्ये पूर्ण झाले. या इमारतींची भरपूर छायाचित्रे आहेत. पण त्या काळी काचेवर चित्र उमटायला वेळ लागे. स्थिर इमारत स्वच्छ येई. चालता हमाल, धावता टांगा पुसट होई किंवा दिसतच नसे. म्हणून जुन्या चित्रांत गजबजलेला रस्ताही ओस वाटतो. शिवाय कॅमेरा बहुधा सरकारी इमारतींकडे वळलेला असे. तांबट, लोहार, रंगारी, शिंपी यांची दुकाने त्यात क्वचितच सापडतात.

१८९६ मध्ये प्लेग आला. १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढण्यात आले. आजचा मोहम्मद अली रोड त्याच कामातला. जे पाडले गेले, ते आता जुन्या नकाशांत आणि चित्रांतच उरले आहे. आज पुन्हा तीच वेळ आहे. भेंडी बाजारात सुमारे १६.५ एकरांवरील अडीचशेच्या आसपास इमारतींचा पुनर्विकास २००९ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टमार्फत हाती घेण्यात आला. इतर मोहल्ल्यांतही जुन्या चाळी पडत आहेत. सामान हलवताना वडिलोपार्जित पेटी रद्दीत गेली, की एका पेढीचा इतिहास संपला.

येथे प्रश्न केवळ आठवणींचा नाही. सरकारी अधिकाराने तयार झालेले नकाशे कोर्टात विचारात घेतले जातात. ३० वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून पुढे आला, तर त्यावरील सही-शिक्का खरा असल्याचे कोर्ट गृहीत धरू शकते. नुसत्या छायाचित्राने मालकी किंवा भाडेहक्क सिद्ध होत नाही. पण भाडेपावती, गुमास्ता लायसन आणि वीजबिल यांच्या जोडीला दुकानाच्या पाटीचा जुना फोटो असेल, तर बाजू भक्कम होते.

म्हणून व्यापारी आणि कारागीर बंधूंनी काही गोष्टी जरूर कराव्यात. आपल्या जागेचा सी.एस. नंबर माहीत करून घ्यावा व प्रॉपर्टी कार्डाची प्रत काढून ठेवावी. जुन्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने साल, जागा आणि माणसांची नावे लिहावीत. शाईने लिहू नये. फोटो किंवा नकाशा लॅमिनेट करू नये, कारण ते पुन्हा सोडवता येत नाही. ओल आणि ऊन यांपासून दूर ठेवावा. स्कॅन करून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी.

चोर बाजारात अशा वस्तूंचा व्यवहार करणाऱ्यांनी भिंगातून पाहण्याची सवय ठेवावी. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो छापखान्यातला छाप आहे, अस्सल फोटो नव्हे. गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यापाऱ्याला परदेशी पाठवता येत नाही. १९७२ चा कायदा त्याला मनाई करतो.

मोठ्या इमारतींची नोंद सरकारने ठेवली. दुकानाची आणि कारखान्याची नोंद ठेवणारे आपणच आहोत. या आठवड्यात ती पेटी एकदा उघडून पाहा.