पाय जोडला, संसाराचे काय?

मांडीचे किंवा नडगीचे हाड मोडले की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न, "पैसे किती लागतील?" ऑपरेशनपुरते उत्तर बरे आहे. २०१२ साली जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळे होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुल्यांच्या नावाने चालते. रेशनकार्ड घेऊन दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटावे.

खरा खर्च घरी आल्यावर. योजनेतली औषधे सुटी मिळाल्यानंतर १० दिवसांची. हाड जुळायला मात्र तीन ते सहा महिने. तोवर हमालाची, गवंड्याची मजुरी बुडते. शेजारी बसणाऱ्या बायकोचाही खाडा होतो, पण तो कोणी हिशेबात धरत नाही. वॉकर, तपासणीची रिक्षा, आणि उकिडवे बसता येत नाही म्हणून संडासाला भोकाची खुर्ची; ती वस्तीतला सुतारही करून देईल. विडीने हाड उशिरा जुळते. गुडघ्याचा व्यायाम कंटाळून सोडला तर पाय ताठ राहतो. मग १९३७ साली बाबासाहेब जेथे उतरले त्या लळिंगच्या लांडोर बंगल्यावर ३१ जुलैला चढायचे कसे?

अपघात कामावर झाला असेल तर भरपाई हा १९२३ पासून कायद्याचा हक्क आहे. मालक दवाखान्यात बिस्किटे घेऊन आला म्हणजे ती मिळाली असे नव्हे. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.